तान्ह्या बाळाची सर्दी : नाक मोकळे कसे करावे आणि आराम कसा द्यावा

रात्रीचे दोन वाजलेले असतात. बाळ भुकेने उठते, छातीशी धरताच दोन-तीन घोट ओढते आणि एकदम तोंड सोडून किंचाळू लागते. पुन्हा घेते, पुन्हा सोडते. घरात कोणाला वाटते की आईचे दूध कमी पडते आहे, कोणाला वाटते की बाळाचे पोट दुखते आहे, आणि कोणी दृष्ट काढण्यासाठी मीठ-मोहऱ्या शोधू लागते. प्रत्यक्षात बाळाचे नाक चोंदलेले असते, एवढेच. जन्मानंतरचे पहिले चार-सहा महिने बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. तोंडाने श्वास घेणे त्याला अजून सहज साधत नाही. त्यामुळे नाक बंद झाले की दूध ओढावे की श्वास घ्यावा, असा पेच त्या एवढ्याशा जिवापुढे उभा राहतो. मोठ्या माणसाला जी सर्दी नुसती कटकट वाटते, ती तान्ह्या बाळाची भूक आणि झोप दोन्ही पळवते ती यामुळे.

सर्दी बरी करणारे औषध नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच मान्य केली तर पुढचा बराचसा गोंधळ टळतो. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि अँटिबायोटिक औषधे विषाणूंवर चालत नाहीत. साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो, सात ते दहा दिवसांत सर्दी ओसरते, आणि खोकला त्यानंतरही काही दिवस, कधी दोन आठवड्यांपर्यंत, रेंगाळतो. सुरुवातीला पाण्यासारखा वाहणारा शेंबूड मधल्या दिवसांत घट्ट, पिवळा किंवा हिरवट होतो. हा सर्दीचा नेहमीचा क्रम आहे आणि केवळ रंग बदलला म्हणून अँटिबायोटिक मागण्याचे कारण नाही. आपले काम सर्दी हटवण्याचे नसून ती जाईपर्यंत बाळाला पिता यावे, झोपता यावे, आणि काही बिघडत असल्यास ते आपल्याला वेळेवर कळावे, याची व्यवस्था करण्याचे आहे.

त्याआधी एक खुलासा. पहिल्या दोन महिन्यांतील पुष्कळ बाळांचे नाक कोणतीही सर्दी नसताना वाजते, विशेषतः दूध पिताना आणि पहाटे. नाकाच्या वाटा अरुंद असतात आणि त्यात थोडेसे मेकूड अडकले तरी मोठा आवाज होतो. बाळ दिवसातून अनेकदा शिंकते, कारण शिंकणे हा नाक साफ करण्याचा त्याच्याजवळचा एकमेव उपाय असतो. बाळ नीट पीत असेल, ताप नसेल आणि वजन वाढत असेल, तर या आवाजावर काहीही करण्याची गरज नसते. त्याचप्रमाणे छातीवर हात ठेवल्यावर घरघर जाणवली की ‘छाती भरली’ असे म्हटले जाते, पण लहान बाळाच्या नाकातील आणि घशातील आवाज छातीपर्यंत सहज पोचतो. नाक मोकळे केल्यावर तीच घरघर थांबली, तर ती छातीतील नव्हती.

नाक मोकळे करणे

यासाठी लागणारी वस्तू एकच आहे, आणि ती म्हणजे मिठाच्या पाण्याचे, म्हणजेच सलाईनचे, नाकात घालण्याचे थेंब. औषधाच्या दुकानात ते सहज मिळतात. बाटलीवर ‘सोडियम क्लोराईड’ हे एकच नाव असावे. बहुतेक बाटल्यांवर त्याचे प्रमाण ०.६५ टक्के लिहिलेले असते. बाटली हातात घेऊन हे नाव स्वतः वाचावे, असा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण आहे. माझी मोठी मुलगी अडीच महिन्यांची असताना रात्री घाईघाईने आणलेली ‘लहान मुलांची नाकाची बाटली’ मी घरी येऊन उजेडात वाचली, तेव्हा तिच्यावर ऑक्सिमेटाझोलिन असे लिहिलेले आढळले. हे आणि झायलोमेटाझोलिन ही नाकातील रक्तवाहिन्या आकसवणारी औषधे आहेत. तान्ह्या बाळाच्या नाकातून ती रक्तात शोषली गेली तर गुंगी येणे, हृदयाचे ठोके मंदावणे, श्वास मंदावणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात. घरी मीठ उकळून थेंब बनवण्याची कृती अनेक जण सांगतात, पण मिठाचे प्रमाण आणि पाण्याची स्वच्छता या दोन्ही बाबतींत चूक होण्याची शक्यता असल्यामुळे, विकतची बाटली उपलब्ध असताना मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

थेंब घालण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि बाटली मिनिटभर मुठीत धरावी, म्हणजे थेंब अंगाला गार लागत नाहीत आणि बाळ दचकत नाही. बाळाला मांडीवर उताणे घेऊन त्याच्या खांद्यांखाली घडी केलेले दुपटे ठेवावे, म्हणजे डोके किंचित मागे झुकते. मदतीला कोणी असल्यास त्यांनी बाळाचे हात अलगद धरावेत. नसल्यास बाळाला दुपट्यात सैलसर गुंडाळावे. प्रत्येक नाकपुडीत एक किंवा दोन थेंब टाकावेत आणि बाटलीचे टोक नाकाला टेकू देऊ नये, अन्यथा तेच जंतू बाटलीत जातात. बाळ तोंड वेडेवाकडे करेल, रडेल, कदाचित ठसका लागेल आणि थोडे थेंब घशात उतरतील. त्यात अपाय नाही. अर्ध्या ते एक मिनिटाने बाळाला उचलून खांद्याशी उभे धरावे. बहुतेक वेळा याच क्षणी एक जोरदार शिंक येते आणि सुटलेला शेंबूड आपल्याच खांद्यावर येतो. तो मऊ मलमलच्या ओल्या कापडाने टिपून घ्यावा. पुसताना घासू नये.

एवढ्यानेच पुष्कळदा काम भागते. न भागल्यास नाक ओढण्याचा रबरी फुगा वापरता येतो, पण त्याची एक पद्धत आहे. फुगा नाकाबाहेर असतानाच दाबून त्यातील हवा काढावी, मग त्याचे टोक नाकपुडीच्या तोंडाशी जेमतेम आत ठेवावे आणि बोटे सावकाश सैल करावीत. आधी टोक आत घालून मग फुगा दाबला तर हवा आणि शेंबूड दोन्ही आत ढकलले जातात. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा अधिक ओढू नये, कारण वारंवार ओढल्याने नाकातील नाजूक त्वचा सुजते आणि नाक अधिकच बंद होते. प्रत्येक वापरानंतर फुगा गरम साबणाच्या पाण्यात दाबून-सोडून धुवावा आणि टोक खाली करून वाळवावा. कापसाची वात किंवा कानात घालायची काडी नाकात फिरवू नये. मालिश करणाऱ्या काही बायका बाळाच्या नाकात फुंकर मारतात किंवा नाक तोंडाने ओढतात. हे सौजन्याने पण ठामपणे थांबवावे, कारण त्यांना सर्दी असल्यास तीही बाळाला मिळते.

वेळ साधणे हे यातील खरे कसब आहे. थेंब दूध पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी आणि झोपवण्याच्या आधी घालावेत. पाजून झाल्यावर घातले, तर रडण्याच्या भरात प्यायलेले सगळे दूध बाहेर येते. पहिल्या रात्री मी हीच चूक केली होती आणि चादर दोनदा बदलली होती.

दूध

चोंदलेल्या नाकाने बाळ एका वेळी पोटभर पिऊ शकत नाही, म्हणून थोडे-थोडे आणि वारंवार पाजावे. एरवी दोन-अडीच तासांनी घेणारे बाळ या दिवसांत तासा-दीड तासाने थोडेसेच घेईल आणि ते चालते. आडवे पाजण्यापेक्षा आईने किंचित मागे रेलून, बाळाला आपल्या अंगावर शक्य तितके ताठ धरून पाजले तर नाकातील स्राव खाली उतरतो आणि त्याला श्वास घेणे सोपे जाते. बाळ स्तन सोडून रडले तर जबरदस्तीने डोके दाबून धरू नये. खांद्यावर घेऊन दोन मिनिटे फिरवावे आणि पुन्हा लावावे. तरीही जमत नसल्यास दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे. बोंडल्याने घशात ओतणे मात्र या दिवसांत मुळीच करू नये, कारण नाक बंद असलेल्या बाळाला ओतलेले दूध गिळताना श्वास सांभाळता येत नाही आणि ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईचे दूध, आणि वरचे दूध चालू असल्यास तेवढेच दूध, पुरेसे असते. कोमट पाणी, ओव्याचे पाणी, तुळशीचा रस यांतले काहीही देऊ नये. सहा महिन्यांपुढच्या बाळाला कोमट पाणी, भाताची पेज, मुगाच्या डाळीचे सैल वरण, नाचणीची खीर असे त्याच्या ओळखीचे पातळ अन्न चालते, पण त्याने नाकारले तर दोन दिवस दुधावर काढायलाही हरकत नाही. पुरेसे पोटात जाते आहे की नाही हे ओल्या लंगोटांवरून ओळखावे. एरवी चोवीस तासांत सहा-आठ वेळा शू करणारे बाळ त्याच्या निम्म्यावर आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खोकता-खोकता बाळ उलटी करते आणि तीत कफाचे तार दिसतात, किंवा शीमध्ये चिकट कफ पडतो, तेव्हा घाबरू नये. बाळाला थुंकता येत नाही. ते कफ गिळते आणि तो या ना त्या वाटेने बाहेर पडतो.

बाळाला सर्दी झाली की आईच्या ताटातून केळे, दही, ताक आणि भात नाहीसे होतात. या छळाला आधार नाही. आईने खाल्लेला पदार्थ दुधातून ‘थंडावा’ घेऊन बाळापर्यंत जात नाही, आणि सर्दीचे विषाणू केळ्यातून येत नाहीत. ते माणसांच्या हातांवरून आणि शिंकांतून येतात. आईला स्वतःला सर्दी असली तरी स्तनपान थांबवू नये, उलट तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये दुधावाटे बाळाला मिळतात. तिने हात धुवावेत, पाजताना मास्क लावावा आणि बाळाच्या तोंडाचे व हातांचे मुके घेणे चार दिवस आवरावे.

झोप आणि खोलीतील हवा

बाळाला उताणे, सपाट आणि टणक अंथरुणावरच झोपवावे. नाक मोकळे राहावे म्हणून डोक्याखाली उशी देण्याचा मोह होतो, पण उशीमुळे हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट आणखी अरुंद होते. डोके गोल व्हावे म्हणून दिलेली राईची उशीही या दिवसांत बाजूला ठेवलेली बरी. साडीच्या झोळीत नेमके हेच घडते, बाळाचे अंग गोळा होऊन मान पुढे वाकते, म्हणून सर्दीतील बाळाला झोळीत एकटे झोपवून आपण कामाला लागणे योग्य नाही. उभे धरल्यावरच शांत होणाऱ्या बाळाला जागे असलेल्या मोठ्या माणसाने छातीशी धरून बसावे. घरातल्या दोघा-तिघांनी रात्र वाटून घेतली, तर हे दोन-तीन रात्री निभावते. एकट्या आईवर टाकले तर पहाटे चारला तिला खुर्चीतच डुलकी लागते, आणि बाळ हातात असताना लागलेली झोप धोक्याची असते.

टोपडे, कुंची, स्वेटर, मोजे आणि वर गोधडी असा जामानिमा चढवून बाळाची सर्दी लवकर जात नाही. ते फक्त घामाघूम होते आणि अधिक रडते. आपल्या अंगावर जितके कपडे आहेत त्याहून एखादा थर जास्त पुरे. मानेच्या मागे हात लावून पाहावा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करावा. हातपाय किंचित गार लागणे तान्ह्या बाळात नेहमीचे असते. पंखा चालू ठेवण्यास हरकत नाही, फक्त झोत थेट तोंडावर नसावा. आंघोळही बंद करण्याचे कारण नाही. बाळ फार कुरकुरत असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने अंग पुसून घ्यावे.

वाफेचे यंत्र, पातेले किंवा तांब्या बाळाजवळ आणू नये. अशा वाफेने भाजलेली मुले रुग्णालयांत येत राहतात, आणि मिळणारा लाभ त्या धोक्याच्या मानाने काहीच नसतो. त्याऐवजी घरातल्या कोणाची गरम पाण्याची आंघोळ आटोपली आणि न्हाणीघरात वाफ कोंडलेली असली, की गरम पाण्याची बादली बाहेर काढून बाळाला उभे धरून दहा मिनिटे तिथे बसावे. त्याने सर्दी कमी होत नाही, पण ओलसर हवेत सुकलेला शेंबूड सैल होतो आणि बाळ बरेचदा मांडीवरच पेंगते. नाकाखालची त्वचा पुसून-पुसून लाल झाली असेल तर तिथे, फक्त बाहेरून, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

घरचे उपाय, आणि आजी

तान्ह्या बाळाच्या सर्दीवर आपल्या घरांत जितके उपाय आहेत तितके बहुधा दुसऱ्या कोणत्याही दुखण्यावर नसतील. त्यांतील काही निरुपद्रवी आहेत, काही मात्र खरोखर धोक्याचे, आणि दोन्ही सारख्याच मायेने केले जातात.

मध हा त्यांतील पहिला. एक वर्षाच्या आतील बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. चाटण म्हणून नाही, गुटी उगाळताना नाही, जिभेला बोट लावण्यापुरताही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते टिकत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यांत रुजून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडू लागतात. सहाणेवर वेखंड, सुंठ, जायफळ, अतिविष, काकडशिंगी यांचे वेढे देऊन केलेली गुटी सर्दीत वाढवली जाते. त्या वेढ्यांत नेमके किती द्रव्य पोटात जाते याचे माप कोणापाशी नसते, आणि सहाण, पाणी व बोट यांच्यावरील जंतू तर जातातच. जायफळाने बाळ गाढ झोपते, म्हणून ते रात्री मुद्दाम उगाळले जाते. आजारी बाळ गुंगीने झोपले आहे की बरे वाटून, हे आपल्याला ओळखता येणार नाही, एवढे एकच कारण ते टाळायला पुरेसे आहे.

नाकात खोबरेल, मोहरीचे तेल किंवा तूप सोडणे हा दुसरा धोका. तेल नाकात राहत नाही. ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते, तिथून निघत नाही आणि एक प्रकारचा न्यूमोनिया करते. टाळूवर तेल थापणे त्या मानाने निरुपद्रवी आहे, पण ते ओघळून कानात-नाकात जाणार नाही हे पाहावे. कापूर, निलगिरीचे तेल आणि मेंथॉलचे बाम दोन वर्षांखालील मुलांच्या छातीवर, नाकाजवळ किंवा तळपायांनाही लावू नयेत. कापूर पोटात किंवा त्वचेतून शरीरात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. त्याच्या वड्या देवघरात हाताशी असतात, त्यामुळे रांगत्या बाळाच्या घरात त्या उंच ठेवाव्यात.

धुरीविषयी बोलले की वाद होतो, तरीही सांगावे लागते. शेगडीतील निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, ऊद टाकून बाळाला त्यावर धरणे म्हणजे आधीच सुजलेल्या श्वासमार्गात धूर भरणे होय. हेच उदबत्ती, डासांची कॉइल, चुलीचा धूर आणि घरातील विडी-सिगारेट यांना लागू आहे. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून बाळाच्या छातीला लावली जाते, आणि आपल्या बोटांना सोसणारी पुरचुंडी त्याच्या त्वचेला पोळते. ती खोलीत दूर कुठे टांगली तर अपाय नाही. फायदा झालाच तर आजीच्या समाधानाचा.

आजीला नुसते ‘हे करू नका, ते करू नका’ म्हणत राहिले तर तिला बाजूला सारल्यासारखे वाटते. माझ्या सासूबाईंशी मी पहिल्या खेपेला भांडले आणि दुसऱ्या खेपेला त्यांच्याकडे कामे सोपवली. दुसरी पद्धत अधिक चालली. बाळाला खांद्याशी उभे धरून अंगाईच्या ठेक्यावर तासभर फिरण्याचा धीर जेवढा त्यांच्यात होता, तेवढा आमच्या घरात दुसऱ्या कोणातच नव्हता. ताप नसेल आणि बाळाला आवडत असेल, तर कोमट हातांनी पाठीवर आणि पायांवर हलके तेल लावून चोळणेही त्यांनीच करावे. त्याने शेंबूड कमी होणार नाही, पण बाळ सैलावते.

औषधाच्या बाटल्या

सर्दी-खोकल्याची सिरपे तान्ह्या बाळाला देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण असलेल्या औषधांवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक लहान मुले दगावली. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले, आणि त्यांतील कित्येक मुलांवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे केंद्र सरकारने पुन्हा बजावले. मोठ्या भावंडासाठी आणलेली अर्धी बाटली फडताळातून काढून ‘थोडेसेच’ देणे, हा प्रकार तेव्हापासून तरी आपल्या घरांतून संपायला हवा होता.

तापासाठी पॅरासिटामॉल चालते, पण तीन महिन्यांखालील बाळाला ते डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय देऊ नये. त्यापुढच्या वयातही मात्रा वजनावरून ठरते, म्हणून ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि सोबत दिलेल्या ड्रॉपरनेच मोजावी. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, तर सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅमचे असते. म्हणजे १२५ च्या सिरपचे माप लक्षात ठेवून तेवढेच ड्रॉप्स पाजले, तर बाळाला चौपट औषध जाते. ॲस्पिरिन लहान मुलांना देऊच नये.

श्वास मोजणे

सर्दी आणि न्यूमोनिया यांतील फरक घरातल्या घरात ओळखण्याचे साधन म्हणजे घड्याळ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावांतील आरोग्यदूतांना आणि अक्षरओळख नसलेल्या दायांनाही बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. दायांसाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन तयार केले गेले : दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी लाल मणी आला, तर न्यूमोनिया समजायचा. त्या कामाचा अहवाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जे काम त्या दायांना जमले, ते मोबाइल हातात असलेल्या आई-बापांना न जमण्याचे कारण नाही.

बाळ शांत किंवा झोपलेले असताना, नाक मोकळे केल्यानंतर, त्याचा सदरा छातीपर्यंत वर करावा आणि पुरेसा उजेड ठेवावा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. पूर्ण साठ सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच भरभर होतो आणि मध्येच क्षणभर थबकतो. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास हे जलद समजले जातात. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावे, आणि पुन्हा तेवढाच आल्यास डॉक्टर गाठावेत. आकडा आणि वेळ कागदावर लिहून ठेवावी. ‘बाळाला खूप धाप लागते’ यापेक्षा ‘रात्री अकराला ५८, साडेअकराला ६१’ हे डॉक्टरांना कितीतरी अधिक उपयोगी पडते.

मोजताना छातीकडेही पाहावे. बाळाचे पोट श्वासागणिक वरखाली होणे नेहमीचेच आहे. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या कडेशी, आत ओढला जात असेल तर ते नेहमीचे नाही. असे दिसल्यास, किंवा नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, ओठ वा जीभ निळसर दिसत असेल, बाळ दूध ओढतच नसेल, हाका मारूनही जागे होत नसेल, झटके आले असतील वा अंग गार पडले असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप हे एकटेच कारण ताबडतोब निघायला पुरेसे आहे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदयाचा दोष असलेल्या बाळाच्या बाबतीत तर साध्या सर्दीतही पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. मेळघाटासारख्या भागात बाळाच्या धापेने उडणाऱ्या, फुगलेल्या पोटावर आजही तापलेल्या विळ्याने चटके दिले जातात, आणि त्या जखमा घेऊन बाळे उशिरा रुग्णालयात पोचतात. तिथे पोट नव्हे, फुप्फुस आजारी असू शकते हे कोणी वेळेवर ओळखलेले नसते.

किरकोळ सर्दीसाठी लसीची तारीख पुढे ढकलू नये. न्यूमोनियाच्या दोन महत्त्वाच्या कारणांविरुद्धचे संरक्षण, म्हणजे हिब आणि न्यूमोकोकस या जिवाणूंवरील लसी, याच पहिल्या वर्षात सरकारी केंद्रांवर मोफत मिळते, आणि लसीच्या दिवशी नाक वाहते आहे एवढ्याने डॉक्टर सहसा नकार देत नाहीत.

बाळ पुन्हा एका दमात पोटभर पिऊ लागले, की थेंब थांबवावेत. खोकला राहिलेला असला तरी चालेल. फुगा शेवटचा धुऊन, पूर्ण कोरडा करून डब्यात ठेवावा. थेंबांच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहून ठेवली नसेल तर आता आठवून लिहावी, कारण उघडलेली बाटली लेबलावर सांगितलेल्या मुदतीत, बहुधा महिन्याभरात, टाकून द्यावी लागते. तिच्या जागी एक न उघडलेली बाटली आणून ठेवावी. पहिल्या दोन वर्षांत निरोगी बाळालाही वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होते, आणि ती सुरू होते तेव्हा दुकान बहुधा बंद झालेले असते.